तीन मिलिमीटर

पट्टी माझ्या खिशात असते, पितळी,
कंपासपेटीतल्या पट्टीहून जरा जाड,
तिसऱ्या खुणेपाशी झिजलेली
कारण अंगठा तिथंच जाऊन थांबतो.

तीनपर्यंत पाणी असलं तर धावपट्टी ओली. पाच गुण.
तीनच्या वर गेलं की साचलेली. दोन गुण.
मधले चार आणि तीन
पावसाच्या पाण्याला कुणी देत नाही.

दोन वाजून चाळीस. श्रावणातली शेवटची रात्रपाळी.
टॉवरनं सहा मिनिटं दिली होती.
इनास परेरानं जीप नेऊन उभी केली
जिथं चाकं पहिल्यांदा टेकतात तिथं.
उतरणारं प्रत्येक विमान इथं थोडं रबर ठेवून जातं,
पाणी वाहून जावं म्हणून डांबरात कोरलेल्या चिरा
बुजत जातात, मोरीच्या जाळीत केस अडकावेत तशा.
उन्हाळ्यात आम्ही पाण्याचा फवारा मारून खरवडलं होतं.
ते किती महिने पुरतं?

मी गुडघे टेकले. इनासनं बॅटरी धरली.
पट्टी उभी केली आणि पाणी
तीनच्या रेषेला बिलगून वर चढलं,
वाऱ्यानं खाली आलं, परत चढलं.

अळवावरचं पाणी म्हणतात ना,
इथं ते उलटं असतं.
पाणी खाली, आणि वरचा थेंब
साठ टनांचा, आत एकशे ऐंशी माणसं,
कुणी झोपलेलं, कुणी चपला शोधणारं.
पायलट ब्रेक दाबतो. ब्रेक ऐकतो.
चाकही ऐकतं.
जमिनीपर्यंत निरोप पोचत नाही.
पट्टी संपते तिथं कुंपण, कुंपणापलीकडं जरीमरी,
दोरीवर चार दिवस न वाळलेले शाळेचे गणवेश.

उडणाऱ्याचं आणखी वेगळं.
पाणी त्याच्या चाकांना धरून बसतं,
चहा घेऊनच जा म्हणणाऱ्या आत्यासारखं.
वेग येता येत नाही
आणि आता थांबावं म्हटलं तर
थांबायलाही तेवढीच जमीन लागते.

वॉकीवर टॉवर म्हणाला, बोला मॅडम,
एक घिरट्या घालतोय, त्याला सांगायचंय.
मी परत वाकले. साडेतीन. कदाचित तीन आणि थोडं.
इनास काही बोलला नाही.
त्याचे आजोबा सहारला भातशेती करायचे,
पाणी किती हे तो घोट्यावरून सांगतो,
पण घोट्याचा आकडा फॉर्मवर लिहिता येत नाही.

मी म्हणाले, पहिला भाग साचलेला. दोन.

वर ढगात एक दिवा वळला
आणि अहमदाबादकडे गेला.

सकाळी शिरधनकर साहेबांनी फाईल उघडी ठेवली होती.
अर्ध्या मिलिमीटरसाठी, वैजयंतीबाई?
एकशे ऐंशी माणसांचे नाश्ते, हॉटेलं, शिव्या?
मी काय दाखवणार होते?
जे घडलं नाही त्याचा फोटो निघत नाही.
पाणी तर पाच वाजेपर्यंत उतरलंही होतं.
फॉर्मवर एक रकाना आहे, घर्षण.
पेपरात हा शब्द भांडणापाशी येतो,
दोन पक्षांत घर्षण, दोन भावांत.
माझ्या रकान्यात ते जितकं जास्त तितकं बरं.
हेही साहेबांना सांगितलं नाही.
सही केली. वेळ लिहिली. परत खोडून नीट लिहिली.

बाहेर इनास चहा घेऊन आला होता.
दोन काचेचे ग्लास, वाफाळलेले,
जीपच्या ओल्या बॉनेटवर ठेवले
आणि माझा ग्लास
कुणी हात न लावता
हळूच निघाला, उताराकडं, आवाज न करता.
आम्ही दोघं बघत राहिलो.
कडेपाशी आला तेव्हा इनास म्हणाला,
बाय, पाच की दोन?